वाकळीच्या पोटातली माणसं

आमच्या घरात वयानं सगळ्यांत मोठी आता वाकळच उरली आहे. आबाजी गेले, मग आजी गेली, मागच्या वर्षी बा गेले. ती मात्र मधल्या खोलीत लोखंडी पेटीवर चौघडी होऊन बसलेली असते. आमच्या शेलूबाजार गावात तिला वाकळ म्हणणारं कोणी नाही. आमच्या तोंडी ती ‘वाकय’.

अंगानं ती जाडजूड. कोरडी असली की एकटी बाई तिला खांद्यावर टाकून अंगणात नेते. भिजली की दोघी लागतात, एक धरायला आणि एक पिळायला. म्हणून वर्षातून दोनदाच तिला पाणी लागतं, उन्हाळ्यात एकदा आणि नवरात्राच्या आधी एकदा. दिवसभर उन्हात पडून घरात आली की तिच्या अंगाला ऊन, जुनं सूत आणि चुलीचा धूर असा मिळून एकच वास येतो. लहानपणी मला तो आजीचाच वास वाटायचा.

स्वभावानं ती सावकाश. बाजारातलं गुळगुळीत ब्लँकेट अंगावर घेताच गरम होतं आणि पहाटे खाली घसरून पडलेलं असतं. वाकळीला तापायला वेळ लागतो, पण घेतलेली ऊब ती उजाडेपर्यंत सोडत नाही. बाळंतीण तिच्यावर निजली, हिवतापानं कुडकुडणारा काका तिच्याखाली शांत झाला, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला तिनं त्याची जात-गोत न विचारता कुशीत घेतलं. घरातल्या कोणाच्याही मरणाच्या रात्री ती घडी घालून ठेवलेली मला आठवत नाही.

तिचा कोपरा उलटून आजी मला घरातली माणसं दाखवायची. वरचं हिरवं लुगडं तिचं स्वतःचं. काठ विरला होता, पण त्याचा लाल रंग शाबूत होता. खाली आबाजींचं धोतर. एका कडेला बांचा शाळेतला सदरा, त्याच्या बाजूला कोणाचं तरी झबलं, आणि मधेच पोळ्याला बैलाच्या पाठीवर घातलेल्या झुलीचा तुकडा. मी एकदा नव्या कापडाचं ठिगळ आणून दिलं, तर तिनं ते बाजूला ठेवलं. म्हणाली, “कोरं कापड वाकयीत घालू नये बाई. ज्याले कोनाचं आंग लागलं नाही, ते काय ऊब देईन?”

तिच्या जन्माची गोष्ट शेतात सुरू होते. पऱ्हाटी फुटली की पहिल्या वेच्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. मग बाया लुगड्याची ओटी कमरेला बांधून ओळीत शिरतात. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत शिरतात, ओटी जड होत जाते, आणि संध्याकाळी वजन होतं. तो कापूस गाडीनं कारंज्याला, अकोल्याला जायचा. तिथं रेच्यात सरकी वेगळी व्हायची आणि रुईच्या गाठी दूरच्या गिरण्यांकडे निघून जायच्या. वेचणाऱ्या बाईकडे तो परत यायचा विकत घेतलेलं लुगडं होऊन. त्याच लुगड्याची ती पुन्हा ओटी करायची. पार विरलं, की त्याची वाकळ.

शाळेत असताना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ मी याच वाकळीवर पालथं पडून वाचलं. माझ्यासारख्या कितीतरी मराठी मुलांना अमेरिकेतलं अलाबामा हे राज्य त्या पुस्तकानं पहिल्यांदा दाखवलं. शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली तिथल्या टस्कीगीच्या शाळेत गेले. वर्षानुवर्षं एकच कापूस घेऊन थकलेली जमीन त्यांनी पाहिली आणि शेतकऱ्यांना भुईमूग पेरायला शिकवलं. त्याच राज्यातल्या एंटरप्राइज गावात १९१९ साली लोकांनी चक्क एका किडीचं स्मारक उभारलं. बोंडातल्या त्या सोंड्यानं कापूस खाऊन टाकला, आणि म्हणूनच शेतकरी भुईमुगाकडे वळून सावरले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली, तेव्हा मला ते स्मारक फार आठवलं. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी वावरांत पऱ्हाटीची जागा सोयाबीननं घेतली आहे.

पण वाकळीची बहीण मला भेटली ती पुढे, अमरावतीला शिकताना, एका चित्रांच्या पुस्तकात. पान उघडलं आणि हात थांबला. विटक्या निळ्या पॅंटींचे तुकडे, गुडघ्यावर झिजलेले, खिसा उसवून काढल्याची गडद खूण तशीच राहिलेली. काटकोन चुकलेले, पट्ट्या तिरक्या, आणि तरी सगळं कसं एका लयीत बसलेलं. खाली गावाचं नाव होतं : जीज बेंड, अलाबामा.

अलाबामा नदीनं तीन बाजूंनी वेढलेली ही वस्ती. १८१९ साली अलाबामा अमेरिकेचं बाविसावं राज्य झालं, त्याच्या तीनच वर्षं आधी जोसेफ जी नावाच्या मळेवाल्यानं इथं कापूस लावायला सुरुवात केली होती. पुढे १८४५ साली मळा मार्क पेटवेकडे गेला. त्याच्या गुलामांना त्याचंच आडनाव चिकटलं, आणि वस्तीतल्या कितीतरी घरांचं आडनाव आजही पेटवे आहे. १८६०च्या गणनेत राज्याच्या सुमारे ९ लाख ६४ हजार माणसांपैकी ४ लाख ३५ हजार गुलाम होती. जीज बेंडच्या बाया म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या लेकी-नाती. त्यांनी कापूस वेचला, आणि अंगावरच्या चिंध्यांतून पांघरूण शिवलं.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. गुलामी टिकवायला निघालेल्या दक्षिणेची पहिली राजधानी अलाबामातलंच माँटगोमेरी. उत्तरेच्या आरमारानं मोबील बंदर कोंडलं, कापूस अडकला, आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतंच. कापसाचे भाव चढले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७० साली खामगावला कापसासाठी वेगळा फाटा आला. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणू लागले. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव पडले. तिकडच्या लढाईचा निकाल इकडच्या शेतकऱ्याला बाजारात कळला.

आमच्या घरानं गुलामी भोगली नाही. तिच्या दुःखाशी आमच्या दुःखाची बरोबरी मी करणार नाही. पण कापसाचा हिशेब ज्याच्या वहीत लिहिला जातो तो पिकवणारा नसतो, हे दोन्ही गावांना ठाऊक आहे. गुलामी गेल्यावर जीज बेंडची माणसं तीच जमीन बटाईनं कसू लागली. उधारी देणारा व्यापारी वारला, आणि १९३२ साली त्याच्या बायकोनं वसुलीला माणसं पाठवली. त्यांनी अवजारं, जनावरं, घरातलं धान्यसुद्धा उचलून नेलं. त्या हिवाळ्यात फटींच्या लाकडी घरांत उरलं काय, तर ही पांघरुणं.

तिथल्या मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. १९४२ साली तिनं त्याचे कामाचे कपडे गोळा केले आणि मुलीला हाताशी घेऊन त्यांचं पांघरूण शिवलं, अंगावर घेऊन त्याची आठवण धरायला. हे वाचलं तेव्हा मला आजीचं वाक्य आठवलं. तिनं मिसूरीचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

त्या राज्याच्या इतिहासात सुई पुढेही भेटत राहते. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स एका दुकानात शिवणकाम करत. शहरातल्या काळ्या माणसांनी त्यानंतर ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. जीज बेंडचे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नावेनं पलीकडच्या कॅम्डेनला जाऊ लागले, तर १९६२ साली ती नावच बंद झाली. १९६५च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग त्या वस्तीत आले. दुसऱ्याच वर्षी तिथल्या परिसरातल्या बायांनी शिवणकामाची सहकारी संस्था काढली आणि तिच्या नावात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घातला. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांची पांघरुणं भिंतीवर लागली. २००६ साली त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटं निघाली, आणि त्याच वर्षी नाव पुन्हा सुरू झाली. मला तिकिटांपेक्षा नावेचा आनंद अधिक वाटतो.

आता आमच्या गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. रात्री त्याच्यावरच्या गाड्यांचा एकसुरी आवाज ऐकू येतो. पेटीवरच्या वाकळीला त्यातलं काही लागत नाही. पण या उन्हाळ्यात धुताना तिची एक कड उसवली आणि आतल्या आबाजींच्या धोतराची जाळी झालेली दिसली.

मायनं कपाटातून बांचा खादीचा सदरा काढला. कॉलर झिजलेली, खिशाशी पेनाच्या शाईचा डाग. वर्षभर तिनं तो कोणाला दिला नव्हता. बाह्या उसवल्या, शिवणी सोडवल्या, आणि धोतराच्या जागी तो हातानं सारखा करत पसरला. डाग मधोमध आला. मी म्हटलं, “हा कापून टाकू का?”

“राहू दे,” माय म्हणाली. “त्यायचाच हाये.”

आम्ही समोरासमोर बसलो. माय कडेकडून धावदोरा घालत आत येऊ लागली, मी माझ्या बाजूनं. माझा टाका तिरका गेला. मी उसवायला लागले, तशी तिनं माझा हात धरला. “नोको उसवू. टाका लहान-मोठा झाला तं चालते. दोरा फक्त ओढू नोको, कापड चुरगयते.”

संध्याकाळपर्यंत शाईचा डाग आत गेला. वर आजीचं हिरवं लुगडं आलं.