बसणारी मोटार

इतरांच्या मोटारी बंद पडतात, आमची बसते. रात्री निजण्यापूर्वी खिडकीतून पाहावे तर ती ताठ मानेने उभी असते, आणि सकाळी पाहावे तो चारी अंगांनी खाली टेकून, डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी स्वस्थ! इंजिन सुरू केले की ती घुरघुरत, कण्हत, एकेक कोपरा उचलीत पुन्हा उभी राहायची. शेजारच्या मुलांना ही मोठीच गंमत वाटे. माझ्या पोटात मात्र गोळा येई. कारण भाऊबीज अडीच महिन्यांवर आली होती.

भाऊबीजेचा आणि मोटारीचा संबंध असा. माझी आई ८१ वर्षांची. तिच्या पाठीचे दोन मणके चेपलेले. प्रवासाला हरकत नाही, पण धक्के बसता कामा नयेत, असे डॉक्टरांनी बजावलेले. आणि तिचा एकुलता एक भाऊ वाईला. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला उंबरा ओलांडण्याचीही चोरी. दोन वर्षे त्या बहीणभावांची भाऊबीज टेलिफोनवर झाली. दुसऱ्या वर्षी टेलिफोन खाली ठेवल्यावर आई म्हणाली, "त्याचा आवाज बारीक झालाय." एवढेच म्हणाली आणि देवापुढच्या वाती वळीत बसली. त्या महिन्यातच मी ही जुनी परदेशी मोटार विकत घेतली. माझ्या मिळकतीला ती शोभणारी नव्हती. पण तिच्यात हवेची उशी होती.

हवेची उशी म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळले. साध्या मोटारीचे ओझे पोलादी स्प्रिंगांवर असते. हिच्यात त्यांच्या जागी प्रत्येक चाकापाशी जाड रबराचा एक फुगा असतो. मिस्त्री मंडळी त्याला 'बलून' म्हणतात. टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून अधिक दाबाची हवा त्यात कोंडलेली असते. हवा भरणारा एक छोटा कॉम्प्रेसर, ती ज्याच्या त्याच्या वाट्याला पोहोचवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा, चाकापाशी उंची मोजणारे सेन्सर, आणि या सर्वांवर हुकमत चालवणारी एक विजेची पेटी, असा हा संसार. शिवनेरीसारख्या बसमध्ये बसलेल्यांना या हवेचे सुख ठाऊक असेल. आमच्या मोटारीला एक बटणही होते. ते दाबले की ती चार-पाच सेंटिमीटर खाली वाकायची. आई सावकाश पाय टाकून आत बसायची आणि म्हणायची, "उंटासारखी शहाणी आहे हो!"

कोंडलेल्या हवेवर माणसाने आपले ओझे टाकले त्याला बराच काळ लोटला. बेलफास्टला डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची धाव बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९५७ साली आपल्या सर्वांत महागड्या मोटारीला हवेच्या उशा दिल्या. त्या गळू लागल्या, तेव्हा अनेक धनिकांनी त्या काढून निमूटपणे पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या म्हणे. ही हकीकत मी मोटार घेतल्यावर वाचली. अशा गोष्टी नेहमी नंतरच वाचनात येतात.

ऑगस्टमध्ये मोटार बसली ती उठेचना. एका मोठ्या, काचेच्या दारांच्या गॅरेजात मी ती टो करून नेली. तिथल्या तरुणाने कॉम्प्रेसर जळाल्याचे सांगितले. नवा बसवला. बिल पाच आकडी होते; ते मी पत्नीला दाखवले नाही. मोटार उभी राहिली, मीही उभा राहिलो. तीन आठवड्यांनी पाहतो तो पुन्हा म्हैस डबक्यात!

तेव्हा एका स्नेह्याने मला नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे धाडले. त्यांनी बसगाड्यांच्या हवेच्या कामात जन्म घालवलेला. त्यांनी मोटारीला हातसुद्धा लावला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या विचारले, "साहेब, कुठला कोपरा बसतो?"

"चारी बसतात," मी म्हणालो.

"चार बलून एका रात्रीत फुटत नाहीत. किती वेळात बसते?"

मला सांगता येईना. तीन आठवडे मी नुसता हळहळत होतो. पाहिले काहीच नव्हते.

"असं बघा," मिस्त्री म्हणाले, "तुमचा पहिला कॉम्प्रेसर मेला नाही, मारलाय. कुठंतरी हवा गळते. जेवढी गळते तेवढी तो बिचारा भरत राहतो. तापला की आपणच थोडा वेळ थांबतो, निवला की पुन्हा लागतो. असं करत करत एक दिवस जळतो. तुम्ही दमलेला बदलला. दमवणारा तसाच ठेवलात. आता हा नवाही त्याच वाटेनं निघालाय."

मग त्यांनी मला गृहपाठ दिला. मोटार सपाट जागी उभी करायची. त्या हवेच्या पेटीचा फ्यूज काढून ठेवायचा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी ठिकाणी टेपने मोजायचे आणि रात्रभरात दर तीन तासांनी वहीत लिहायचे.

"फ्यूज कशाला काढायचा?" मी विचारले.

"ती पेटी रात्रीसुद्धा मधून मधून जागी होते. एक कोपरा खाली गेला की गाडी वाकडी दिसू नये म्हणून बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांना त्याच्या बरोबरीला आणते. तीन चांगले कोपरे चौथ्यासाठी खाली उतरतात. मग गळतंय कोण, हे कळायचं कसं?"

त्या रात्री अकराला मी पहिले माप घेतले. घड्याळाला दोनचा गजर लावून निजलो. दोनला टेप, टॉर्च आणि वही घेऊन खाली उतरलो. मागचे डावे चाक ४८० मिलिमीटरवरून ४५७ वर आले होते. बाकीची तिन्ही जागच्या जागी. मला शिकाऱ्याला व्हावा तसा आनंद झाला. सहज वर पाहिले तर आमच्या पहिल्या मजल्यावर आईच्या खोलीत दिवा होता, आणि पडद्यावर पत्नीची सावली हलत होती. आई कण्हत असावी. मी वर येईपर्यंत दिवा मालवला होता.

पाचला पुन्हा उतरलो. डावे चाक ४३८. वर पाहिले; दिवा लागलेलाच. या खेपेला मी स्वयंपाकघरात गेलो. पत्नी आईच्या पाठीला शेकायची पिशवी भरीत होती. माझ्या हातातल्या टेपकडे पाहून ती म्हणाली, "अहो, गाडीसाठी उठता येतं वाटतं तुम्हाला?"

ती रागाने बोलली असती तर मी उत्तर दिले असते. पण ती हसून बोलली.

"तू किती वेळा उठतेस?" मी विचारले.

"मोजलं नाही कधी. दोनदा, तीनदा. थंडी असली की चारदा." पिशवीचे बूच घट्ट करून ती आत निघून गेली.

मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. मे महिन्यात ती एकदा चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेव्हा मी मोठ्या तत्परतेने स्वयंपाकाला आणि वरकामाला बाई ठेवली आणि प्रश्न सुटला असे समजलो. बाई चांगल्या होत्या. तरीही पत्नीचा चेहरा ओढलेलाच का, याचे मला अधूनमधून नवल वाटे. घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आई दुखणे अर्धेच सांगे, मुलगी आपला अभ्यास मुकाट्याने करी, मीही सांभाळून वागे. चारी कोपरे असे बरोबरीने खाली आले होते की घर वाकडे झाल्याचे कोणाला दिसतच नव्हते.

सकाळी आठला डावे चाक ४२१ वर होते. म्हणजे ५९ मिलिमीटरची घट. बाकीची तिन्ही दोन-तीन मिलिमीटर उतरली होती. रात्रीच्या गारव्याने हवा आकसते, तेवढे चालायचेच. मी वही घेऊन नाना पेठेत हजर झालो. मिस्त्रींनी ती चष्म्याशी धरून वाचली आणि म्हणाले, "आता गाडी आणा."

आधी त्यांनी नवे काम तपासले. नवे काम झाले की पहिली शंका नव्या सांध्यावर घ्यायची, हा त्यांचा नियम. कॉम्प्रेसरला जोडलेल्या नळीवर ब्रशने साबणाचे पाणी लावले. मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले. नळीचे टोक तिरके कापले गेले होते. ते सरळ कापून बसवले, बुडबुडे थांबले. मग त्यांनी रिले काढून दाखवला. हा एक बोटाच्या पेराएवढा चौकोनी तुकडा, किंमत काही शे रुपये. जुना कॉम्प्रेसर तासन्तास चालल्याने त्याचे पाय तपकिरी झाले होते. "हा आतून चिकटला, तर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेणार नाही. कॉम्प्रेसर बदलताना हाही बदलायचा असतो," ते म्हणाले.

सर्वांत शेवटी मागचा डावा बलून. ओझे हवेवर टेकलेले असताना त्यांनी कोणालाही मोटारीखाली डोके घालू दिले नाही. घोड्या लावल्यावरच चाक काढले. बलूनच्या तळच्या घडीत केसाएवढ्या बारीक चिरा होत्या. रबर नेहमी ज्या उंचीवर दुमडलेले राहते, नेमके तिथेच ते थकते.

नवा बलून बसवल्यावर मोटार लगेच खाली सोडली नाही. आधी त्यात थोडी हवा भरली. रिकाम्या बलूनवर ओझे आले तर तो वेडावाकडा दुमडून फाटतो. मग संगणक जोडून जुन्या तक्रारी पुसल्या आणि चारी कोपऱ्यांची उंची नव्याने शिकवली.

निघताना मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. कॉम्प्रेसरपाशी एका नळकांड्यात ओल शोषणारे दाणे असतात. आत जाणारी हवा ते कोरडी करतात. आणि मोटार खाली होताना तीच कोरडी हवा त्यांच्यामधून परत जाते, तेव्हा दाणेही सुकतात. हवा भलतीकडून गळून गेली तर दाण्यांना सुकायला मिळतच नाही. "नुसतं भरत राहिलं की ओल साठते, साहेब. सोडायलाही मिळायला हवं."

ते मोटारीविषयी बोलत होते. मला मात्र पर्वती आठवली. पत्नी दर रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर पर्वती चढून जाई. ते कधी बंद पडले, हे मला काही केल्या आठवेना.

गेल्या भाऊबीजेला आम्ही वाईला गेलो. मोटार वाकली, आई बसली, मोटार उठली. खंबाटकी ओलांडून बराच वेळ झाल्यावर आईने विचारले, "घाट लागला का रे?" मामा पाटावर बसून वाट पाहत होता. ओवाळताना दोघांचेही हात थरथरत होते. निरांजन मुलीने खालून धरले. बोलले दोघे फारसे नाहीत. त्याचा आवाज खरेच बारीक झाला होता, पण समोरासमोर तो पुरेसा ऐकू येत होता.

आता रात्रीची दोनची पाळी माझी असते. पहिल्या रात्री मी शेकायची पिशवी घेऊन गेलो तेव्हा आई अंधारात म्हणाली, "तू? ती कुठंय?"

"झोपलीय."

"झोपू दे. केव्हापासून सांगत होते तिला, याला उठव म्हणून."

पिशवी पाठीशी ठेवून मी खिडकीपाशी आलो. खाली मोटार चारी कोपऱ्यांवर सरळ उभी होती.