भूकंपाची खूण आभाळात

कुठेही जमीन हलली की दुसऱ्या दिवसापासून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आभाळाचे फोटो येऊ लागतात. चमत्कारिक ढग, तांबूस क्षितिज आणि खाली ठरलेला प्रश्न : "सर, हे आधी कळलं असतं ना?" ढगांबद्दल मी बोलत नाही, ते फार खालचं प्रकरण. माझं आभाळ आयनांबराचं. सूर्याच्या अतिनील किरणांनी विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो शेकडो किलोमीटर जाडीचा पट्टा. भूकंपाचा हादरा तिथवर पोचतो, हे मात्र खरं.

१९६४ मध्ये अलास्काला ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आयनांबराच्या नोंदींत हेलकावे उमटले होते. जमीन वरखाली झाली की तिच्यावरची हवा ढकलली जाते आणि कानाला न जाणवणारी ध्वनिलहर वर निघते. वर हवा विरळ होत जाते, तसा तिचा झोका वाढतो. जमिनीवरची मिलिमीटरभर हालचाल वर पोचेतो दहा हजार पटींहून मोठी झालेली असते. या प्रवासाला आठ-दहा मिनिटं लागतात.

११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपात हे स्वच्छ दिसलं. जपानभर बाराशेहून अधिक जीपीएस केंद्रं आहेत. उपग्रह दोन कंप्रतांवर संदेश पाठवतो; इलेक्ट्रॉनांमुळे दोन्हींना वेगवेगळा उशीर होतो आणि त्या फरकावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी धक्का बसला. थोड्याच वेळात या मोजणीच्या आलेखांतल्या रेषा थरथरल्या आणि नकाशावर वर्तुळं पसरत गेली. त्यांचा मध्य भूकंपाच्या केंद्रबिंदूपासून बाजूला, जिथे समुद्राचं पाणी उचललं गेलं तिथे होता!

याच नोंदींवरून होक्काइदो विद्यापीठाच्या कोसुके हेकी यांनी दावा केला, की धक्क्याच्या चाळीस मिनिटं आधीपासून इलेक्ट्रॉन वाढत होते. आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. पण वाढले म्हणजे कशापेक्षा? उपग्रह सरकत असल्याने आलेख मुळातच वाकडा असतो. त्यातून नेहमीची रेषा आपणच काढायची. हेकींनी ती धक्क्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग जोडून काढली. त्सुनामीनंतर तिथले इलेक्ट्रॉन काही काळ घटले होते. खाली गेलेल्या टोकाला रेषा बांधली, की आधीचा भाग आपोआप उचललेला दिसतो. हा आक्षेप जपानमधूनच आला. त्यातून त्या दिवशी चुंबकीय वादळही चालू होतं, आणि त्यानेही इलेक्ट्रॉन कमीजास्त होतात. हेकींनी पुढे उत्तरं दिली, पण माझं समाधान झालेलं नाही.

फ्रान्सच्या 'डेमेटर' उपग्रहाने २००४ ते २०१० असा पहारा दिला. भूकंपाआधी काही तास रेडिओलहरींत किंचित घट आढळली, पण हजारो भूकंपांची सरासरी काढल्यावर. असल्या खुणेवर विसंबून एखादं गाव रात्री रिकामं करायला कोण सांगणार? किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ चा होता. एवढ्या भूकंपाची नंतरची खूणसुद्धा आयनांबरात सहसा सापडत नाही.

आपल्याकडे तर पंचाईत अधिक. विषुववृत्तावरून उचललेले इलेक्ट्रॉन मध्य भारताच्या आसपास येऊन साचतात आणि त्यांचं प्रमाण दर दिवशी बदलतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा गोंगाट नोंदींत नको म्हणून कुलाब्याचं चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. सूर्याच्या गोंगाटापासून पळायला अलिबाग कुठून आणायचं?

'नंतर'ची खूण मात्र कामाची आहे. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाला ८.८ चा भूकंप झाला, तेव्हा नासाच्या 'गार्डियन' प्रणालीने त्सुनामीची आयनांबरातली चाहूल लाट हवाईला पोचण्याआधी टिपली. १९४५ मध्ये मकरानच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, आणि त्या प्रवासाला तिला काही तास लागले. माझ्या हातातला वेळ आणि पैसा मी या तासांसाठी खर्च करीन, तोहोकूच्या त्या चाळीस मिनिटांसाठी नाही.