घरामागचे वेळूचे बेट

वाचकहो, नागपूरहून उमरेडकडे एस.टी.ने निघालात तर खिडकीतून बाहेर नजर ठेवा. कुठे गोठ्यामागे, कुठे धुऱ्यावर वेळूचे बेट डुलताना दिसेल. मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या वाटेवरच्या एका घरी आम्ही उतरलो, तर सासरा-सुनेत याच वेळूवरून वाद चाललेला!

सुनेला घरामागे बेट लावायचे होते. म्हातारबुवा मात्र अडून बसलेले. "लावाव आपण, पानी घालाव आपण, अन् तोडाले परवाना मांगाव दुसऱ्याले!" वडिलांनी लावलेले बेट याच कटकटीपायी त्यांनी उपटून टाकले होते.

त्यांचे दुखणे खोटे नव्हते. 1927 च्या वन कायद्यात बांबू 'झाड' गणला होता. पण 2017 मध्ये कायदा बदलला. जंगलाबाहेर, आपल्या वावरात वाढवलेला बांबू आता त्या कायद्याने झाड नाही. सून म्हणाली, "मामाजी, आता तो आपलाच आहे."

कायद्याचे कोडे सुटले. राहिला जागेचा प्रश्न. आपल्याकडचा कटांग उंच, जाड, पण भारी काटेरी. तो दूरच्या कुंपणालाच बरा. मानवेल त्याहून बारीक, पण भरीव आणि कमी पाण्यावर तगणारा. शिडीला, मांडवाला, काठीला उत्तम. दोन्ही बेट करूनच वाढतात, तरी बेटाचा घेर वर्षागणिक वाढतो. भिंत आणि विहीर यांपासून ते लांबच हवे. शिवाय कित्येक दशकांनी बेट एकदाच फुलते आणि वाळून जाते. वाळलेले बेट घराला खेटून असेल, तर एक ठिणगी पुरे.

पावसाळ्याच्या तोंडावर दोन फुटांचा खड्डा करून शेणखत घाला. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका. कोंब जमिनीतून निघतो तो पुऱ्या जाडीनेच. काही महिन्यांत उंची गाठतो, पण पक्का व्हायला तीन वर्षे घेतो. म्हणून कोवळा तोडू नका. जुना तेवढा हिवाळ्यात, जमिनीलगतच्या पेरावर कापा. पावसाळ्यात कोंब फुटत असताना बेटाला कोयता लावू नये.

निघताना पाहिले, सून घरापासून पावले मोजीत होती. विसाव्या पावलावर ती थांबली. म्हातारबुवांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि तिथे स्वतःच कुदळ मारली.