पुढचा शनिवार

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं ओस पडू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, बाजरीची पोती आणि कडेवरची पोरं भरून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे निघतात, काही थेट कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायची, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतणं नाही. लहान मुलांसाठी कुठं कुठं हंगामी वसतिगृह चालतं. नववी-दहावीतली मुलं मात्र आजी-आजोबांपाशी राहतात, नाहीतर कोयता घेऊन फडात जातात.

शिक्षण हक्क कायद्यानं मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली ती ६ ते १४ वयाच्या मुलांना. आठवी संपते तशी ही हमीही संपते आणि त्याच सुमारास मुलगा कामाचा होतो, मुलगी लग्नाची दिसू लागते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती जोडीला. वयात आलेली पोर म्हातारीच्या भरवशावर ठेवायची तर आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि फडावरच्या खोपटात न्यायची तर त्याहून धास्ती. मग कुणीतरी स्थळ आणतं. आईबापांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ती ठेववत नाहीत.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. अकरावीला येणाऱ्या मुलांच्या यादीत कोण नाही, हे मला दर जूनमध्ये दिसतं. त्यातूनच गावच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीच्या मुलांना एकेक मोठं माणूस जोडून द्यायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी मनापासून साथ दिली. माणसं कोण निवडायची, यावर बराच खल झाला. मोठ्या हुद्द्यावरच्यांना बोलवा, मुलांपुढे आदर्श राहील, असं काहींचं म्हणणं होतं. अशी माणसं शाळेत येऊन गेलेली आहेत. सत्कार होतो, तासभर भाषण होतं, मुलं टाळ्या वाजवतात आणि पाहुण्यांची गाडी जाते. सोमवारी गणिताच्या तासाला मुलगा होता तिथंच असतो. आम्हाला हवा होता त्याच वाटेनं चार पावलं पुढं गेलेला माणूस. म्हणून शाळेचेच माजी विद्यार्थी शोधले. आयटीआय करून महावितरणमध्ये लागलेला वायरमन, ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, एसटीतला कंडक्टर, डिप्लोमा करून परतलेला एक जण. मुलं त्यांना ताई-दादा म्हणतात.

शिकलेल्या घरातल्या मुलाला जेवता जेवता जे कळतं, ते या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि त्यावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढायला धावलं तर प्रवेशाची मुदत हातची जाते, आणि त्यासाठी लागणारी वडिलांची कागदपत्रं तर वडिलांबरोबर फडावर गेलेली असतात! एका मुलानं वायरमन दादाला विचारलं, "बारावी न करता इंजिनिअर होता येतं, हे खरं का?" दादानं वहीच्या मागच्या पानावर दोन्ही रस्ते काढून दाखवले. ते पान त्या मुलानं फाडून कंपासपेटीत ठेवलं. आता पेटी उघडली की आधी ती घडी बाजूला करावी लागते.

पण माहिती हा या कामाचा निम्माच भाग. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या जुन्या चळवळीतल्या जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या नात्यांतून मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांतली मुलं मात्र आधीपेक्षा खचली होती. हे वाचल्यावर मी फार वेळ विचार करत होते. ज्या मुलांचे आईबापच वर्षातले पाच-सहा महिने दूर असतात, त्यांना आणखी एक सोडून जाणारं माणूस द्यायचा आपल्याला काय अधिकार? तेव्हापासून ताई-दादा होऊ इच्छिणाऱ्याला आम्ही शिक्षण, वक्तृत्व काही विचारत नाही. एकच विचारतो: वर्षभर दर शनिवारी याल का? जमणार नसेल तर आताच सांगा, राग नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात मुलांचं वसतिगृह चालवलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या मानानं आम्ही मागतो ते फारच थोडं. सकाळची शाळा सुटल्यावर वऱ्हांड्यात दीड तास. उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर. बंद खोलीत नाही आणि कुणाच्या घरीही नाही. मुलांच्या सुरक्षेची ही अट काहींना अविश्वासाची वाटली. मी ती सोडली नाही, सोडणारही नाही.

गेल्या हंगामात नववीतली एक मुलगी परिचारिका ताईपाशी नुसतीच बसून असायची. ताई स्वतःच्या ड्युटीचं, वॉर्डातल्या बाळंतिणींचं सांगायची. संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी मुलगी खाली बघत म्हणाली, "ताई, पाहुणे येऊन गेले."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच."

ताईनं कायद्याची कलमं सांगितली नाहीत. मुख्याध्यापकांसमोर शाळेतूनच मुलीच्या आईला फोन लावला. पलीकडे मोळ्या भरण्याचा आवाज चालू होता. आई म्हणाली, "पोरीकडं बघायला तिथं कोण हाय आमचं?" ताई म्हणाली, "मी आहे ना. दर शनिवारी बघते. काही झालं तर तुम्हाला पहिला फोन माझा." मग दोघी बराच वेळ आजीच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. लग्नाचा विषय आईनं पाडव्यापर्यंत लांबवला, पाडव्याला दहावीपर्यंत. मुलगी आता दहावीत आहे. पुढचं अजून ठरायचं आहे.

यंदा मुली वाढल्यात आणि ताया कमी पडताहेत. गावातल्या आशा सेविकांना विचारलंय, अंगणवाडीतल्या दोघींनी होकार दिलाय. टोळ्या निघायच्या आत प्रत्येक मुलीची आई तिच्या ताईला समोरासमोर भेटलेली असावी, तिचा नंबर आईच्या फोनमध्ये असावा, म्हणून यंदाच्या भेटी आम्ही दसऱ्याच्या आधीच सुरू करतोय.