निवडीतून रचना

प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी घरे, वाहने, पूल रचण्याचा छंद बाहेरून पाहणाऱ्याला मुलांचा खेळ वाटतो, आणि त्यातील निवडण्याचे काम, म्हणजे मिसळलेल्या ढिगातून एका जातीचे तुकडे वेगळे काढून जागच्या जागी ठेवणे, हे तर खेळानंतरची आवराआवर वाटते. परंतु ज्याने हा छंद मनापासून जोपासला आहे त्याला ठाऊक असते की रचनेचा अर्धा विचार निवडतानाच होऊन जातो. नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) यासारख्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट अधिकच खरी ठरते, कारण हवा तो तुकडा सुटा काढून देणारे दुकान अशा ठिकाणी सहसा नसते आणि रचनाकाराला घरच्या डब्यात आहे तेवढ्यावरच भागवावे लागते.

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियनसन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली, आणि पुढे लेगो या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्याच कारखान्याने २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या ठोकळ्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. या ठोकळ्याच्या माथ्यावर गोल उंचवटे असतात, ज्यांना बटणे म्हणता येईल, आणि त्याच्या पोकळ पोटात नळ्या असतात. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या व कडा यांच्यामध्ये खालच्याची बटणे घट्ट बसतात आणि त्या घर्षणालाच पकड म्हणतात. दोन बटणांमधील अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि त्याच्या एक तृतीयांश उंचीच्या चपट्या तुकड्याची, म्हणजे प्लेटची, उंची ३.२ मिलिमीटर असते. ही मापे तोंडपाठ असणे उपयोगाचे आहे, कारण पाच प्लेटची चळत १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन बटणांच्या रुंदीइतकी भरते, आणि उभ्या रचनेला आडवी रचना बेमालूम जोडण्याची सारी कला या एका मेळावर उभी आहे.

संख्येची चिंता मात्र रचनाकाराने करू नये. आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे एकमेकांवर २४ प्रकारे बसतात. असे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतील, याचे संगणकाने काढलेले उत्तर ९१,५१,०३,७६५ आहे. मूठभर तुकड्यांत एवढे सामर्थ्य असताना रचना अडते ती बहुधा तुकडा नसल्यामुळे नव्हे, तर असलेला तुकडा वेळेवर न सापडल्यामुळे.

म्हणूनच निवडीची पद्धत महत्त्वाची आहे. नवखा छंदी प्रथम रंगांनुसार वाटणी करतो, कारण ती डोळ्यांना सुखावते आणि झटपट होते. पण लाल तुकड्यांच्या ढिगात लहानसा लाल तुकडा दिसेनासा होतो, उलट एकाच आकाराच्या निरनिराळ्या रंगांच्या तुकड्यांतून लाल तेवढा चटकन उचलता येतो. नजर रंग आधी टिपते आणि आकार नंतर, म्हणून वेगळा करायचा तो आकार. रंग शोधण्याचे काम नजरेवर सोपवावे. पहिल्या फेरीत ठोकळे, प्लेट, उताराचे तुकडे, बटणे नसलेल्या गुळगुळीत टाइल आणि चाके-बिजागऱ्या अशी ढोबळ कुळे पाडावीत, दुसऱ्या फेरीत प्रत्येक कुळातले तुकडे बटणांच्या संख्येनुसार लावावेत, आणि एखादा कप्पा भरून वाहू लागला तरच त्याची रंगांनुसार फोड करावी. खोल डब्यापेक्षा उथळ डबा बरा, कारण खोल डब्यातले तळाचे तुकडे विसरले जातात; हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि नट ठेवायला मिळणारे कप्प्यांचे पारदर्शक डबे या कामाला उत्तम.

कारंजा, आष्टी, आर्वी या भागांत संत्र्याच्या बागा आहेत, आणि फळ बाजाराला जाण्यापूर्वी आकारानुसार त्याची प्रतवारी करावी लागते, हे तेथील लहान मुलालाही माहीत असते. ठोकळ्यांची निवड तिच्यासारखीच असली, तरी संत्र्यांची प्रतवारी माल रवाना झाला की संपते आणि ठोकळ्यांची कधीच संपत नाही, कारण प्रत्येक रचना मोडली की तुकडे पुन्हा मिसळतात. हे पुन्हापुन्हा निवडणे शीण आणणारे आहे, पण त्यातच हाताला प्रत्येक तुकड्याची ओळख पटते, आणि एखाद्या दुर्लक्षित तुकड्याचा नवा उपयोग सुचतो तोही बहुतेक अशाच वेळी. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने बालकांसाठी योजलेल्या साधनांत आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन होता, आणि तो मोडणे, मांडणे व पुन्हा पूर्ववत जुळवून ठेवणे हा सगळाच त्याने शिक्षणाचा भाग मानला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शंख-शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. महाग साहित्यावाचून हाताचे शिक्षण अडत नाही, याचा तो मोठा पुरावा आहे.

ठोकळ्यांची निगा साधी आहे: कोमट पाणी, सौम्य साबण आणि सावलीत वाळवण. उन्हातील अतिनील किरणांनी हे प्लास्टिक पिवळे पडते, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात ते गच्चीवर किंवा खिडकीच्या उजेडात ठेवू नये. निरनिराळ्या कारखान्यांचे ठोकळे मापाने जुळत असले तरी पकडीत फरक असतो. तेव्हा सैल पकडीचे ठोकळे भिंतीच्या मध्यभागी आणि घट्ट पकडीचे पायाला व कोपऱ्यांना वापरावेत.

आता रचायचे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर खोक्यावरील चित्रात शोधण्यापेक्षा आपल्या वर्धा जिल्ह्यात शोधावे. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, त्या गावाला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले, आणि तेथील बापू कुटी ही माती, बांबू, लाकूड व कवेलू यांनी बांधलेली वास्तू ठोकळ्यांच्या रचनाकारासाठी असामान्य अभ्यासविषय आहे. ठोकळ्यांच्या संचातील बाहुली सुमारे ४ सेंटिमीटर उंच असते. तिला साधारण १६५ सेंटिमीटरचा माणूस मानले, तर प्रमाण १ ला ४१ असे येते आणि एका बटणाची रुंदी प्रत्यक्षातल्या सुमारे ३३ सेंटिमीटरएवढी होते, म्हणजे मातीच्या जाड भिंतीला एका बटणाची जाडी पुरते. खरी कसोटी छपराची. उताराचे तयार तुकडे ४५ किंवा ३३ अंशांचे मिळतात, पण त्यांचा गुळगुळीत पृष्ठभाग पत्र्यासारखा दिसतो. त्याऐवजी प्लेट पायऱ्यांसारख्या मागे सरकवीत नेल्या, तर दर बटणामागे एक प्लेट चढवल्याने सुमारे २२ अंशांचा, दोन चढवल्याने सुमारे ३९ अंशांचा आणि एक-दोन असे आलटून पालटून चढवल्याने ३१ अंशांचा उतार साधतो, शिवाय कवेलूंच्या ओळीही आपोआप उमटतात. वर विटकरी, तपकिरी आणि काळपट अशा मिश्र रंगांच्या एका बटणाच्या गोल प्लेट बसवल्या, तर पावसापाण्याने रापलेले छप्पर हुबेहूब दिसते. रंगांचा तुटवडा येथे गुणच ठरतो. कुटीच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी उठावात काढलेल्या झाडांच्या आकृत्या आहेत, त्यांच्यासाठी बाजूला बटण असलेले तुकडे लागतात, आणि असे तुकडे आपल्याकडे किती आहेत हे निवड झालेल्या डब्यात एका दृष्टिक्षेपात कळते.

परदेशी किल्ल्यांचे आणि अवकाशयानांचे संच सूचनापुस्तकाप्रमाणे जुळवण्यात आनंद नाही असे मुळीच नाही, आणि जोडकामाची शिस्त त्यातूनच लागते. परंतु स्वतंत्र रचनेची सुरुवात सूचनापुस्तक मिटल्यावर होते, आणि महाराष्ट्रात दिवाळीत दगडमातीचे किल्ले उभारणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवावे लागलेले नाही. कारंजातील ज्या घरांत मुले मोठी झाल्यावर ठोकळ्यांची पिशवी माळ्यावर पडून आहे, त्यांनी ती खाली काढावी, तुकडे धुऊन आकारांनुसार निवडावेत, आणि वही-पेन्सिल घेऊन एकदा सेवाग्रामला जाऊन यावे. छपराची रेखाटने आधी करावीत, भिंतींची नंतर.