तुर्भ्याला उतरणारा माणूस

नेरूळ ते ऐरोली. वाटेत जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे. कुठल्या स्टेशनात शौचालय कुठल्या टोकाला आहे, मला तोंडपाठ आहे! लोकलमध्ये सोय नाही ना.

रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी... सगळं नॉर्मल. "मग मी नाटक करतोय का?" डॉक्टर म्हणाले, दुखणं खरं आहे, मेंदू आणि आतडी यांच्या संवादातच गडबड आहे. नाव आयबीएस. थोडक्यात, हार्डवेअर ठीक, सिग्नलमध्ये बग.

मग आहारतज्ज्ञांनी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचा 'लो फॉडमॅप' आहार दिला. काही आठवडे कांदा, लसूण, गहू बंद, मग एकेक परत आणून बघायचं. चक्क डिबगिंग! आई म्हणाली, "म्हणजे बारा महिने चातुर्मास?" पण ज्वारीची भाकरी तिनेच थापली. महिन्याभराने गहू निर्दोष सुटला, कांदा थोडा चालतो. लसूण मात्र पक्का गुन्हेगार.

असो. परवा रिलीज होतं. लसणाचा कण पोटात नव्हता, तरी तुर्भ्याला उतरावं लागलं. टेन्शनला कुठला आहार? या वेळी मात्र लीडला फोन करून खरं कारण सांगितलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "अरे, मला वाटायचं तुझे इंटरव्ह्यू चालू आहेत!"