पुढचा काहून मरू राहिला?

नवीन प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला आपला छंद सांगावा लागतो. ट्रेकिंग, फोटोग्राफी, झालंच तर गिटार. मी सांगतो, "टूर द फ्रान्स बघणे." मग पुढचा प्रश्न ठरलेला. "अरे वा, सायकलिंग करतोस?" नाही हो, बघतो. जुलैचे तीन आठवडे रोज संध्याकाळी, दुसऱ्यांनी मारलेली पायडलं बघतो. क्रिकेट बघणाऱ्याला कुणी विचारतं का, की तू कव्हर ड्राइव्ह मारतोस का म्हणून?

तर मंडळी, ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २१ टप्पे, मध्ये दोन दिवस सुट्टी, एकूण सुमारे ३३०० किलोमीटर. २०२५ साली २३ संघ होते, प्रत्येकात ८ जण, म्हणजे १८४ सायकलवाले. रोजच्या वेळेची बेरीज करत जायचं. शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. १९८९ साली ग्रेग लेमाँड तीन हजारांहून जास्त किलोमीटर सायकल हाणून फक्त ८ सेकंदांनी जिंकला. ८ सेकंदांत आमच्या ऑफिसच्या लिफ्टचं दार पण बंद होत नाही.

आपल्याला हे समजायला खरं तर काहीच अवघड नाही. वारी बघितलेल्या माणसाला टूर काय शिकवायची? मुक्काम आधीच ठरलेले, घाट आला की बघ्यांची गर्दी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं गाव, आणि मागे सामानाच्या गाड्या. आमच्या अंबडवरून मुक्ताबाईंची पालखी जाते, त्यामुळे ही सगळी दृश्यं लहानपणापासून ओळखीची. योगायोग बघा, २०२५ ची टूर ५ जुलैला निघाली आणि ६ जुलैला आषाढी एकादशी होती. फरक एवढाच की वारीत कुणाचा पहिला नंबर येत नाही.

पण गंमत म्हणजे टूरमध्येही बहुतेकांना पहिलं यायचंच नसतं! संघातला एक जण नवरदेव, बाकी सगळे वऱ्हाड. या बाकीच्यांना फ्रेंचमध्ये 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे चक्क घरगडी. मागे गाडीपर्यंत जायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या, परत पुढे येऊन सगळ्यांना वाटायच्या. कॅप्टनचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. डोंगराच्या टप्प्यात मागे पडलेले लोक वेळेच्या मर्यादेत पोचायचं म्हणून घोळका करून चालतात, त्या घोळक्याला 'ऑटोबस' म्हणतात. आपल्या एसटीसारखीच. वेग बेताचा, पण सगळ्यांना घेऊन पोचते. आणि एकूण यादीत जो शेवटचा, त्याला 'लाल कंदील' म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो ना, त्यावरून. त्याची पण वेगळी प्रसिद्धी होते बरं का.

माझा लाडका माणूस मात्र जुना आहे. यूजीन क्रिस्टोफ. १९१३ साली तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. पठ्ठ्या सायकल खांद्यावर टाकून दहा-बारा किलोमीटर चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. तिथल्या एका पोराने भाता हलवला म्हणून वरून दंड! जालन्यात सळयांचे कारखाने बघत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट आवडणारच. पुढे १९१९ साली टूरमध्ये पहिल्यांदा पिवळी जर्सी आली, तीही याच्याच अंगावर चढली. टूर मात्र तो कधीच जिंकला नाही.

मागच्या जुलैत मी वर्क फ्रॉम होम घेऊन गावी होतो. संध्याकाळी लॅपटॉपवर टूर लावलेली, शेजारी दादा. दोन मिनिटं बघून म्हणाला, "हा सगळ्यात पुढचा कोण?"

म्हटलं, "तो दोमेस्तिक. थोड्या वेळाने बाजूला होईल आणि मागे पडेल."

"मंग काहून मरू राहिला?"

मी समजावलं. पुढचा वारा कापतो. त्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याची ताकद तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वाचते. वाचलेल्या ताकदीवर कॅप्टन शेवटचा घाट चढतो. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मी पण.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. दादा तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. टँकरचं पाणी आणून झाडं जगवायची म्हणून घरी आला, तो परत कॉलेजला गेलाच नाही. निम्मी बाग तोडावी लागली. मी तेव्हा नववीत. पुढे मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं, त्याची फी उरलेल्या निम्म्या बागेने भरली. यावर आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नाही. ताकद किती वाचली याचा आकडा मला पण काढता येत नाही.

"बक्षीस कुणाला भेटतं?" त्याने शेवटी विचारलं.

"जिंकणाऱ्याला. पण तो स्वतः ठेवत नाही. संघात वाटून टाकतो, अशी रीत आहे."

"बरंय," दादा हसला. "मंग आपला हिशोब कधी?" तेवढ्यात लाइट आली आणि तो मोटार चालू करायला गेला.

या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. १९ ते २३ जानेवारी २०२६, एकूण ४३७ किलोमीटर. पुणेकरांना एकदम गुळगुळीत रस्ते मिळाले, त्यामुळे निम्मं शहर आधीच खूश. शेवटच्या दिवशी मी दादाला बोलावून घेतलं. आम्ही दीड तास रस्त्याच्या कडेला उभे. मग मोटारसायकली, शिट्ट्या, एक सूंऽऽ असा आवाज, आणि सगळे निघून गेले. पुरतं अर्धं मिनिट पण नाही.

"एवढ्यासाठी जालन्याहून बोलावलं?"

"नाही," मी म्हटलं. "तोडलेल्या जागेत नवीन मोसंबी लावायची म्हणतोस ना, ती रोपं आणि ठिबक माझ्याकडून. नाही म्हणू नकोस, रीत आहे."

दादाने रस्त्याकडे बघितलं. मागून उशिरा आलेला एक एकटा सायकलवाला जोरात पायडल मारत चालला होता. दादाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघू. आधी चहा पाज."

रोपांचं कोटेशन मात्र त्याने परवा व्हॉट्सॲपवर पाठवलंय :)